व्हेक्टरमधल्या घटकाचा पॉइंटर जपून ठेवावा का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. सी++ मध्ये कणांचं एक सिम्युलेशन लिहिलंय. सगळे कण एका व्हेक्टरमध्ये, म्हणजे गरजेप्रमाणे वाढणाऱ्या यादीत आहेत. वापरकर्त्याने निवडलेला कण दर वेळी शोधावा लागू नये म्हणून त्याचा पॉइंटर (मेमरीतला पत्ता) वेगळा जपून ठेवलाय. कण थोडे असतात तोवर सगळं सुरळीत चालतं. नवे कण येऊ लागले की निवडलेला कण ढकलला तरी पडद्यावर हलत नाही, मधूनच त्याची जागा भलतीच दिसते आणि कधीकधी प्रोग्राम क्रॅश होतो. कारण शोधायला मध्ये प्रिंटची एक ओळ टाकली की क्रॅश नाहीसा होतो. शिवाय आयुष्य संपलेले कण लूपमध्ये काढून टाकले तरी एखाददुसरा मागे उरतोच. एकाने सल्ला दिला की व्हेक्टर सोडा, १०,००० घटकांचा साधा ॲरे घ्या. दुसऱ्याने सांगितलं की लिंक्ड लिस्ट (पॉइंटरांनी एकमेकांना जोडलेल्या सुट्या घटकांची यादी) वापरा. तर काय करावं?

दोन्ही सल्ल्यांनी तुमचा क्रॅश बहुधा थांबेल. तरीही मी त्यांतला एकही मानणार नाही, कारण व्हेक्टर की ॲरे हा इथला प्रश्नच नाही. तुम्ही एका घटकाचा मेमरीतला पत्ता लिहून ठेवलात आणि तो किती काळ खरा राहील याची चौकशी केली नाहीत, एवढाच हा घोळ आहे. हे एकदा नीट कळलं की निवडलेला कण, लूपमधून काढणं, दुसऱ्या लायब्ररीला डेटा देणं या सगळ्याची उत्तरं एकाच जागेवरून मिळतात. मी बरीच वर्षं संख्यात्मक सिम्युलेशनची सॉफ्टवेअर लिहितो आहे, आणि व्हेक्टरशी संबंधित म्हणून माझ्याकडे येणाऱ्या तक्रारींत हीच सगळ्यात जास्त वेळा निघते.

आत काय घडतं ते आधी पाहू. व्हेक्टर आपले सगळे घटक मेमरीत सलग ठेवतो. त्याच्याकडे दोन आकडे असतात: आत्ता किती घटक आहेत तो साइज, आणि घेतलेल्या जागेत एकूण किती मावतील ती कपॅसिटी. साइज कपॅसिटीला भिडला आणि तुम्ही पुश बॅक केलंत, म्हणजे शेवटी नवा घटक जोडलात, की व्हेक्टर मोठी जागा नव्याने मागतो, जुने घटक तिकडे नेतो आणि जुनी जागा परत करतो. थोडक्यात तो बिऱ्हाड हलवतो, आणि तुमच्या पॉइंटरवर मात्र जुनाच पत्ता लिहिलेला राहतो.

समजा तुमच्या कणात एक्स, वाय आणि दोन दिशांचे वेग असे चार डबल आहेत, म्हणजे एका कणाला ३२ बाइट लागतात. व्हेक्टरमध्ये चार कण आहेत, कपॅसिटीही चारच आहे, म्हणजे १२८ बाइटचा एक सलग तुकडा. तुम्ही पहिला कण निवडलात, त्याचा पत्ता ठेवलात आणि पाचवा कण आला. जीसीसीच्या मानक लायब्ररीत कपॅसिटी दुप्पट होते, म्हणून आता २५६ बाइटचा नवा तुकडा येतो. पाचही कण तिकडे असतात आणि जुना १२८ बाइटचा तुकडा मोकळा होतो. तुमचा पॉइंटर अजून त्या मोकळ्या तुकड्याकडेच बोट दाखवतोय. लिनक्सवरचा नेहमीचा ॲलोकेटर (प्रोग्रामला मेमरी देणारा आणि परत घेणारा भाग) अशा लहान मोकळ्या तुकड्याच्या सुरुवातीच्या १६ बाइटांत स्वतःच्या नोंदी लिहितो. त्या १६ बाइटांत तुमच्या कणाचे एक्स आणि वाय होते! म्हणून कणाची जागा भलतीच दिसते आणि वेग मात्र ठीक वाटतो. तुम्ही कण ढकलता तेव्हा वेग जुन्या तुकड्यात लिहिला जातो, पडद्यावर चित्र उमटतं ते नव्या तुकड्यातल्या कणांचं, म्हणून तो हलत नाही. पुढे तो मोकळा तुकडा दुसऱ्या कुणाला दिला गेला की तुमचं ढकलणं त्याचा डेटा खराब करतं, आणि क्रॅश होतो तो भलत्याच ठिकाणी, ज्या ओळीचा यात काहीच दोष नाही अशा ओळीवर.

प्रिंटची ओळ टाकल्यावर क्रॅश का जातो, तेही यातच आलं. पहिल्यांदा छापताना आउटपुटसाठी एक बफर घेतला जातो, त्यामुळे मेमरीची मांडणी बदलते आणि मोकळा तुकडा वेगळ्या हाती जातो. चूक तिथेच आहे, फक्त तिची खूण दिसेनाशी झाली. निरीक्षण करायला गेलं की पळून जाणारा बग दिसला तर मी सगळ्यात आधी मेमरीवरच संशय घेतो.

माझ्या या निदानावर नुसता विश्वास ठेवू नका, ते तपासा. जीसीसी आणि क्लँग या दोन्ही कंपायलरांत ॲड्रेस सॅनिटायझर (मेमरीच्या चुका पकडणारी सोय) आहे, व्हिज्युअल स्टुडिओतही आहे. तो सुरू करून, डीबग माहितीसह प्रोग्राम पुन्हा बांधा आणि चालवा. वेग साधारण निम्म्यावर येतो, पण त्या मोबदल्यात जुन्या जागेला हात लागताक्षणी प्रोग्राम थांबतो आणि 'हीप यूज आफ्टर फ्री' असं सांगतो. त्या अहवालात तीन ठिकाणं असतात: चुकीचा हात कुठे लागला, ती जागा मोकळी कुठे झाली आणि मुळात घेतली कुठे गेली. बहुतेक जण पहिलंच ठिकाण वाचून थांबतात. तुम्ही दुसरं वाचा. तिथे तुम्हाला तुमचीच पुश बॅकची ओळ दिसायला हवी. ती दिसली तर निदान पक्कं. दिसली नाही तर कारण दुसरं आहे, आणि मग हा अहवालच ते सांगेल.

आता उपाय. इथे खरंच परिस्थितीवर अवलंबून आहे, म्हणून मी कसा विचार करतो तेच सांगतो.

पॉइंटरऐवजी इंडेक्स ठेवणं हा सगळ्यात स्वस्त उपाय. निवडलेला कण 'व्हेक्टरमधला शून्यावा' असा लक्षात ठेवलात की व्हेक्टर कितीही वेळा हलला तरी शून्यावा तो शून्यावाच. कण फक्त वाढत जाणार असतील आणि मधून कुणी काढणार नसेल, तर इथेच थांबा, पुढे काही करू नका. मात्र तुम्ही कण काढताही. तिसरा काढला की चौथा त्याच्या जागी सरकतो आणि तुमचा इंडेक्स गुपचूप शेजाऱ्याकडे बोट दाखवू लागतो. यात क्रॅश होत नाही, म्हणून हे जास्त वाईट. चुकीचा कण निवडलेला दिसतो आणि कुणाला महिनोन्‌महिने पत्ता लागत नाही.

अशा वेळी माझी पसंती प्रत्येक कणाला स्वतःचा ओळख क्रमांक देण्याला असते. निवड ठेवायची ती या क्रमांकाची. कण काही शेकडा असतील तर दर फ्रेमला सरळ शोधा, तो खर्च जाणवत नाही. 'पुन्हा पुन्हा शोधायला नको' म्हणून तुम्ही पॉइंटर ठेवलात, पण एका फ्रेममध्ये एकदा काहीशे आकडे तपासणं हे प्रोसेसरच्या लेखी कामच नाही. कण लाखांत असतील आणि निवडीही पुष्कळ असतील, तर इंडेक्ससोबत एक पिढी क्रमांक ठेवा. जागा रिकामी होऊन पुन्हा वापरली गेली की त्या जागेचा पिढी क्रमांक एकने वाढवायचा. तुमच्याकडचा जुना क्रमांक जुळला नाही, तर तो कण आता नाही हे लगेच कळतं. खेळांच्या इंजिनांत ही पद्धत सर्रास वापरतात.

रिझर्व्ह करून टाकू का, म्हणजे पुरेशी कपॅसिटी आधीच मागून ठेवू का, असं कुणी नक्की सुचवेल. कण कधीच ठरावीक संख्येपुढे जाणार नाहीत हे खात्रीने माहीत असेल तर हा उपाय चोख आहे, कारण कपॅसिटी ओलांडेपर्यंत व्हेक्टर हलणार नाही अशी हमी मानकातच दिलेली आहे. पण ती संख्या हा तुमचा अंदाज असेल, तर तुम्ही बग मिटवला नाहीत, त्याला फक्त पुढची तारीख दिलीत. मी रिझर्व्ह वापरतो ते वेगासाठी, सुरक्षिततेची मदार त्यावर ठेवत नाही. आणि लूपमध्ये दर वेळी 'साइज अधिक एक' इतकं रिझर्व्ह करणं टाळा. दुप्पट वाढीमुळे १,००० पुश बॅकना मिळून फक्त ११ वेळा जागा घ्यावी लागते आणि एकूण १,०२३ घटक हलतात. दर वेळी नेमकी एकाचीच जागा मागितलीत तर बऱ्याच लायब्ररींत प्रत्येक भरतीला सगळा व्हेक्टर हलेल.

आता तुम्हाला मिळालेले दोन सल्ले. लिंक्ड लिस्टमध्ये घटक जागचे हलत नाहीत हे खरं. पण प्रत्येक घटक वेगळा मागावा लागतो, ६४ बिटांच्या यंत्रावर त्याला मागचा-पुढचा असे मिळून १६ बाइटचे दोन पॉइंटर चिकटतात आणि घटक मेमरीभर विखुरतात. प्रोसेसर मेमरी वाचतो ती एकेक बाइट नव्हे, कॅशच्या ओळीने वाचतो. आजच्या बहुतेक डेस्कटॉप प्रोसेसरांत ही ओळ ६४ बाइटची असते. व्हेक्टरमध्ये एका ओळीत तुमचे दोन कण येतात आणि पुढची ओळ प्रोसेसर आधीच मागवून ठेवतो. सिम्युलेशनमध्ये दर फ्रेमला सगळे कण फिरून पाहायचे असतात, तिथे ही सवलत सोडू नका. स्थिर पत्ते हवेच असतील तर त्याआधी डेक (दोन्ही टोकांना वाढणारी यादी) पाहा: त्याच्या टोकांना घटक जोडले तरी आतल्या घटकांचे पॉइंटर आणि रेफरन्स टिकतात, इटरेटर (घटकांवरून फिरताना जागा दाखवणारी खूण) मात्र बाद होतात. मधून काढलंत की तिथेही हमी संपते. घटक मोठे असतील आणि अनेकांनी त्यांचे पत्ते धरलेले असतील तर युनिक पॉइंटरांचा (आपल्या घटकाची मेमरी स्वतःच परत करणाऱ्या पॉइंटरांचा) व्हेक्टर शोभतो. ३२ बाइटच्या कणासाठी मी तो घेणार नाही.

साध्या ॲरेबद्दल एवढंच, की १०,००१ वा कण आला की काय, हे कुणी तपासणार नाही. तो ॲरे फंक्शनच्या आत स्थानिक घेतलात तर स्टॅकवर, म्हणजे फंक्शनांच्या तात्पुरत्या मेमरीत, जातो. १०,००० कणांचे ३,२०,००० बाइट तिथे मावतात. उद्या आकडा एक लाखावर नेलात की ३२ लाख बाइट होतात, आणि विंडोजवर स्टॅकची नेहमीची मर्यादा १ मेगाबाइट असते. एक क्रॅश घालवताना दुसरा घरात घ्यायचा, असं होईल.

आता उरलेल्या कणांकडे. तुमचा लूप माझ्या अंदाजाने असा आहे: इंडेक्स शून्यापासून सुरू, कण संपलेला असेल तर इरेझ (काढून टाकणं), मग इंडेक्स एकने पुढे. कणांच्या उरलेल्या आयुष्याचे आकडे ३, ०, ०, ५ असे घ्या आणि शून्यवाले काढा. इंडेक्स १ वर शून्य सापडलं, काढलं. उरले ३, ०, ५. दुसरं शून्य सरकून आता इंडेक्स १ वर आलंय, पण तुम्ही इंडेक्स २ वर गेलात. ते शून्य मागे उरलं. लागोपाठ दोन संपलेले असतील तेव्हाच हे घडतं, म्हणून कधी होतं आणि कधी होत नाही. इटरेटरने लिहिलं असेल तर इरेझनंतर तो इटरेटर बाद झालेला असतो; इरेझ जो नवा इटरेटर परत देतं तोच पुढे वापरायचा आणि त्या फेरीत वाढवायचा नाही.

पण हा लूप दुरुस्त करत बसू नका, तो लिहूच नका. सी++२० पासून व्हेक्टरसाठी इरेझ इफ हे तयार फंक्शन आहे: व्हेक्टर द्या, अट द्या, एका ओळीत काम. त्याआधीचं मानक वापरत असाल तर रिमूव्ह इफ आणि इरेझ ही जोडी आहे. रिमूव्ह इफ राहणारे घटक पुढे सरकवतं आणि नवा शेवट कुठे ते सांगतं, पण व्हेक्टर लहान करत नाही. शेपूट कापायचं काम इरेझचं. एकट्या रिमूव्ह इफवर थांबलात तर शेवटी कसलेतरी जुने कण लोंबकळत राहतील. वेगातला फरकही मोठा आहे. एक लाख कणांतला एकाआड एक काढायचा असेल तर लूपमधल्या इरेझने २५० कोटी वेळा घटक सरकतात, कारण प्रत्येक काढणीला उजवीकडचे सगळे हलतात. रिमूव्ह इफ एकाच फेरीत आटोपतं, प्रत्येक राहणारा घटक फार तर एकदा हलतो. क्रमाची गरज नसेल तर आणखी स्वस्त पद्धत आहे: शेवटचा घटक काढायच्या जागी आणा आणि पॉप बॅक करून शेवटची जागा काढून टाका. कणांना क्रम नसतो, त्यामुळे सिम्युलेशनमध्ये मी बहुतेक वेळा हेच करतो, फक्त शेवटच्या कणाचा इंडेक्स कुणी जपून ठेवला नाही ना, ते पाहून.

कण फुटून दोन होतात असं काही तुमच्याकडे असेल, तर व्हेक्टरवरून फिरत असतानाच त्यात पुश बॅक करू नका. रेंज फॉर लूप (सगळ्या घटकांवरून आपोआप फिरणारा लूप) सुरुवातीलाच आरंभ आणि शेवट धरून ठेवतो. मध्येच व्हेक्टर हलला की दोन्ही बाद. नवे कण वेगळ्या व्हेक्टरमध्ये गोळा करा, लूप संपल्यावर जोडा. आणि शेवटाकडून मोजताना 'साइज वजा एक' लिहीत असाल तर रिकाम्या व्हेक्टरचा विचार करा. साइजचा प्रकार बिनचिन्हाचा आहे, त्यामुळे शून्य वजा एक म्हणजे उणे एक होत नाही, ६४ बिटांच्या यंत्रावर १८४४६७४४०७३७०९५५१६१५ होतं.

लायब्ररींचं तुम्ही विचारलं नाहीत, पण पडद्यावर कण काढताय म्हणजे कुठल्यातरी लायब्ररीला हा व्हेक्टर देत असणार, आणि तिथे हाच घोळ पुन्हा भेटेल. व्हेक्टरचं डेटा हे फंक्शन पहिल्या घटकाचा पत्ता देतं आणि सी भाषेच्या कुठल्याही लायब्ररीला तो चालतो. तो देताना मी एकच गोष्ट शोधतो: ही लायब्ररी माझा डेटा फंक्शन संपेपर्यंतच वापरते, की पत्ता स्वतःकडे ठेवून घेते? ओपनजीएल या चित्रणाच्या लायब्ररीत बफर डेटा या फंक्शनने दिलेले आकडे तिथल्या तिथे कॉपी होतात. नंतर व्हेक्टरचं काहीही करा. ओपनसीव्ही या प्रतिमांच्या लायब्ररीतल्या मॅट्रिक्सला तुमच्या मेमरीचा पत्ता देऊन बांधलंत, किंवा आयगन या गणिती लायब्ररीतला मॅप वापरलात, तर कॉपी होत नाही, ती तुमचीच मेमरी वाचतात. अशा वेळी त्या वस्तूच्या हयातीत व्हेक्टर वाढवायचा नाही. लायब्ररीच्या दस्तऐवजात ही ओळ सहसा एखाद्या कोपऱ्यात असते, पण ती असते; ती सापडल्याशिवाय मी पॉइंटर देत नाही.

उलट दिशेने, लायब्ररीकडून आकडे भरून घेताना रिझर्व्ह आणि रिसाइज यांची गल्लत होते. रिझर्व्ह १,००० केलंत आणि फाइल वाचणाऱ्या फंक्शनला डेटाचा पत्ता दिलात, तर आकडे मेमरीत उतरतील कदाचित, पण व्हेक्टरच्या लेखी साइज अजून शून्य आहे. त्यावरचा लूप एकदाही फिरणार नाही. इथे रिसाइज हवं, ते साइजच बदलतं: १,००० ला रिसाइज करा, वाचा, मग खरोखर जितके आले तितक्यावर पुन्हा रिसाइज करा.

दुसऱ्या भाषेत गेलात म्हणून यातून सुटका नाही, फक्त चूक सांगण्याची पद्धत बदलते. रस्टमध्ये घटकाचा रेफरन्स हातात असताना त्याच व्हेक्टरमध्ये पुश केलंत तर प्रोग्राम कंपाइलच होत नाही. जावाच्या ॲरेलिस्टवरून फिरताना तिच्यातून काही काढलंत तर बहुतेक वेळा चालू प्रोग्राममध्ये एक्सेप्शन येतं. पायथनच्या ॲरे मॉड्यूलमधल्या ॲरेवर मेमरी व्ह्यू (कॉपी न करता त्याच मेमरीकडे पाहणारी वस्तू) धरलेला असेल आणि तुम्ही त्यात भर घालू लागलात तर पायथन सरळ नकार देतं. गो भाषेत मात्र अपेंडने परत दिलेला स्लाइस कधी नव्याच मेमरीकडे पाहतो, कधी जुन्या, आणि तक्रार कुणीच करत नाही. पायथनच्या नमपाय या आकडेमोडीच्या लायब्ररीत स्लाइस (ॲरेचा तुकडा) ही मूळ ॲरेचीच खिडकी असते, त्यात लिहिलेलं मूळ ॲरेत उमटतं. इंडेक्सांची यादी देऊन निवडलंत तर मात्र कॉपी मिळते. नमपायचं अपेंड तर दर वेळी अख्खा ॲरे कॉपी करतं, म्हणून लूपमध्ये ते नको. आधी साध्या यादीत गोळा करा आणि शेवटी एकदाच ॲरे बनवा.

तर तुमच्यासाठी क्रम असा. आधी सॅनिटायझर लावून पुश बॅकची ओळ अहवालात येते का पाहा. मग निवडलेल्या कणाचा पॉइंटर काढून ओळख क्रमांक ठेवा, आणि तो क्रमांक सापडला नाही तर निवड रद्द करा, कारण निवडलेला कणही कधीतरी संपणारच. मग काढण्याच्या लूपच्या जागी इरेझ इफ आणा. हे तीन बदल एकेक करून करा आणि प्रत्येकानंतर सॅनिटायझरसह चालवा. चाचणी करताना सुरुवातीला रिझर्व्ह मुद्दाम काढून टाका, म्हणजे व्हेक्टर पुष्कळदा हलेल आणि कुठे अजून एखादा जुना पत्ता लपलेला असेल तर तो पहिल्या काही कणांतच उघडा पडेल.